दारातला आकडा

श्रीरंग आणि मेधा यांचं बिऱ्हाड अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी होतं. घरात बारा वर्षांचा अद्वैत, सात वर्षांची सई आणि त्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून आलेले अण्णा. अण्णा पंचगंगेकाठच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, उतरवून आलेल्या रिकाम्या गाडीचं घ्यायचं, वजाबाकी करून शेतकऱ्याच्या हातात पावती द्यायची, यात त्यांची अख्खी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही लादलेली गाडी दिसली की त्यांची नजर आधी टायरांकडे जायची.

मुलांना सुटीत डोंगरात राहायला न्यायचं हे श्रीरंगचं जुनं स्वप्न होतं. ओळखीतलं एक वयस्क जोडपं आपला ट्रॅव्हल ट्रेलर विकत होतं. आत झोपायला जागा, छोटा ओटा, न्हाणीघर, सगळं होतं. भाव रास्त होता. अडचण एकच, तो ओढायला घरात गाडी नव्हती. म्हणून पिकअप ट्रक घ्यायचं ठरलं. तोही क्रू कॅब, म्हणजे मागच्या बाकासाठी पूर्ण आकाराची दोन दारं आणि पाय मोकळे सोडण्याएवढी जागा असलेला. एरवी मुलांची शाळा आणि घरचं वाणसामान, सुटीत ट्रेलर. नव्या ट्रकचा हप्ता झेपणारा नव्हता, म्हणून वापरलेला.

शहरातल्या एका विक्रेत्याच्या आवारात गर्द निळा ट्रक उभा होता. छताला काच, चामड्याच्या गार-गरम होणाऱ्या सीटा, मोठी चकचकीत चाकं. अद्वैत आत चढला तो उतरेचना. विक्रेता हसतमुख होता. त्याने विचारलं, "तुमचा ट्रेलर किती वजनाचा?" श्रीरंगने सांगितलं, "सामानसुमान भरून 6,200 पौंड."

"मग काळजीच नको. हा 11,000 पौंड ओढतो. तुमचं ओझं त्याच्या निम्म्याच्या थोडं वर."

श्रीरंगचा चेहरा उजळला. 11,000 पौंड म्हणजे जवळजवळ पाच टन. आपला ट्रेलर तीन टनांच्याही आत. हिशेब इतका सरळ होता की पुढे काही विचारावं असं त्याला वाटलंच नाही.

अण्णा मात्र ट्रकभोवती सावकाश फिरत होते. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. इंजिन चांगलंच गरम होतं. सकाळी आवार नुकतंच उघडलेलं, गाडी कुठे गेली-आली नव्हती. ते काही बोलले नाहीत. पुढे येऊन त्यांनी चालकाचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या छोट्या तक्त्यापाशी चष्मा सावरून वाकले.

"श्रीरंग, इथं 1,460 लिहिलंय. हे कसलं वजन?"

श्रीरंगने वाचून दाखवलं. गाडीत बसलेली माणसं आणि लादलेलं सामान, यांचं मिळून वजन 1,460 पौंडांच्या वर कधीही जाता कामा नये, असं त्यावर छापलेलं होतं. म्हणजे 662 किलो.

"आणि ते अकरा हजार?"

"ते ओढायचं, अण्णा. हे गाडीच्या अंगावर घ्यायचं."

अण्णांनी मान हलवली. "मग ट्रेलरचा काहीच भार गाडीच्या अंगावर येत नाही का?"

श्रीरंग क्षणभर थांबला. ट्रेलरच्या वजनातला दहा ते पंधरा टक्के भाग हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडावर टेकलेला असावा लागतो, हे त्याने वाचलं होतं. तेवढा टेकला नाही तर ट्रेलर भरधाव वेगात डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो आणि ट्रकलाही आपल्याबरोबर हलवतो. हे त्याला ठाऊक होतं, पण दारातल्या आकड्याशी त्याचा संबंध त्याने जोडला नव्हता.

अण्णांना ते सांगावं लागलं नाही. "आपल्या उसाच्या गाडीचंच आहे की हे. मागं जास्त मोळ्या भरल्या तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त भरल्या तर बैलांचे खांदे जातात. जाणता गाडीवान मोळ्या अशा रचतो की जुवावर बेताचाच भार यावा. पण तो बेताचा भारसुद्धा बैलच पेलतो, जमीन नाही."

मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि विक्रेत्याने दिलेल्या रंगीत कागदाच्या पाठीवर आडवी रेघ मारली. श्रीरंग 190, मेधा 140, अण्णा स्वतः 145, अद्वैत 95, सई 60. माणसांचेच 630 पौंड झाले. ट्रेलरचा हिचवरचा भार तेरा टक्के धरला तर 806. तो भार ट्रकच्या पुढच्या-मागच्या आसांवर वाटून देणारा लोखंडी हिच स्वतःच 90. मागच्या हौद्यात खुर्च्या, शेगडी, सायकली, हत्यारांची पेटी, कमीत कमी 200. बेरीज 1,726.

"दारावर 1,460," अण्णा म्हणाले. "266 पौंड जास्त. सव्वा क्विंटलाच्या आसपास."

विक्रेत्याला आकडे दिसत होते. तो म्हणाला, "अहो, सगळेच असं वापरतात. मागं हवेच्या पिशव्या बसवून घ्या, ट्रकची पाठ बसणार नाही."

श्रीरंगने ते मराठीत सांगितलं. अण्णांनी विचारलं, "पिशव्या बसवल्यावर दारावरचा आकडा बदलतो का?" तो बदलत नाही. हवेच्या पिशव्यांनी मागची बाजू उचललेली दिसते, एवढंच. आस, चाकं, टायर, ब्रेक, चौकट, सगळं होतं तेच राहतं.

घरी परतताना श्रीरंग घुश्श्यात होता. "अण्णा, अकरा हजाराचा आकडा काय खोटा आहे? कंपनी छापते तो."

तो खोटा नव्हता. अमेरिकेत ओढण्याची क्षमता ठरवायला एसएई जे2807 नावाचं प्रमाण आहे. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या लांबलचक चढावर, ऐन उन्हाळ्यातल्या उष्णतेत, ट्रकने भार ओढत किमान वेग राखावा लागतो. ती परीक्षा कडक आहे. पण त्या हिशेबात गाडीत दोनच माणसं धरतात, प्रत्येकी 150 पौंडांची. मागच्या बाकावरची मुलं, आजोबा आणि हौद्यातलं सामान त्या आकड्यात नसतं. आकडा खरा, पण तो पाच माणसांच्या कुटुंबाचा नव्हे.

रात्री जेवणानंतर अण्णांनी नातवंडांना काट्यावरची गोष्ट सांगितली. काही गाडीवान भरल्या गाडीचं वजन होताना गाडीवरच बसून राहायचे, आणि रिकाम्या गाडीचं वजन होताना गुपचूप खाली उतरायचे. वजाबाकीत त्या माणसाचं वजन उसात मोजलं जायचं आणि तेवढे पैसे जास्त मिळायचे. "म्हणून मी आधी गाडीवर कोण बसलंय ते बघायचो, मग काट्याकडं. माणूस वजनात धरला नाही की पुढचा सगळा हिशेब चुकतो." सईला चोरी पकडल्याची मजा वाटली. श्रीरंग मात्र ऐकता ऐकता उठला आणि संगणकापाशी जाऊन बसला.

त्या रात्री त्याला जे कळलं ते कुठल्याही जाहिरातीत ठळक छापलेलं नसतं. ट्रकचं एकूण भरतं वजन किती असावं याची मर्यादा ठरलेली असते. त्यातून ट्रकचं स्वतःचं वजन वजा केलं की माणसांसाठी आणि सामानासाठी काय उरतं ते कळतं. काचेचं छत, मोटारीवर हलणाऱ्या जड सीटा, मोठी चाकं, चारी चाकांना ताकद देणारी यंत्रणा, प्रत्येक गोष्ट त्या उरलेल्यातून आपला वाटा काढून घेते. म्हणून एकाच वर्षाच्या, एकाच नावाच्या, एकाच इंजिनाच्या दोन ट्रकांच्या दारांत 300-400 पौंडांचा फरक सहज सापडतो. ज्याच्या अंगावर साज जास्त, त्याची पेलण्याची ताकद कमी. शिवाय तो तक्ता त्या मॉडेलचा नसतो, कारखान्यातून बाहेर पडताना त्या एकाच गाडीचा असतो. नंतर कुणी हौद्यावर जड झाकण बसवलं असेल तर त्याचंही वजन आपणच वजा करायचं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने विक्रीच्या जाहिराती बघायची रीत बदलली. फोन लागला की तो पहिली विनंती करायचा : चालकाच्या दारातल्या तक्त्याचा फोटो पाठवा. कुणी पाठवला, कुणी कशाला हवा म्हणून विचारलं, कुणी पुन्हा फोनच उचलला नाही.

पूर्वेकडच्या सपाट मुलखात, लायमन गावाच्या अलीकडे, एका शेतावरून फोटो आला. 1,870 पौंड. ट्रक पांढरा, सीटा कापडी, जमिनीवर गालिच्याऐवजी धुता येईल असं रबर. मालकीण सत्तरीची शेतकरी बाई होती. घोडे विकून झाले होते, आता ट्रेलर ओढायचं काम उरलं नव्हतं. फोनवर ती म्हणाली, "सकाळी या. तुम्ही येईपर्यंत मी इंजिन चालू करणार नाही."

कुटुंब पोहोचलं तेव्हा बॉनेट गार होतं. अण्णांनी तळवा टेकवला आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. रात्रभर गार राहिलेलं इंजिन सुरू होतानाचे पहिले काही क्षण फार बोलके असतात. साखळीचा खडखडाट, वाल्व्हची टिकटिक, नळकांड्यातला निळा धूर, जे असेल ते तेव्हा कळतं. गरम इंजिन ते लपवतं. बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा घुमलं आणि सुरळीत चालू लागलं.

मग बाईंनी आपणहून दोष सांगितले. मागच्या डाव्या दाराला गोठ्याच्या फाटकाचा पोचा आहे. इंजिनाच्या वरच्या झाकणातून तेल किंचित पाझरतं. पुढचे ब्रेक या हंगामापुरते आहेत, "डोंगरात जाणार असाल तर आधी बदला." कपाटातून एक फुगलेली वही आली. गिअरबॉक्सचं तेल केव्हा बदललं, मागच्या आसाचं केव्हा, पाण्याचा पंप कुठल्या वर्षी, सगळं हाताने लिहिलेलं, पावत्या टाचलेल्या. ओझं ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सचं तेल सर्वांत जास्त तापतं आणि लवकर जुनं होतं. ते वेळेवर बदललंय की नाही हे मैलांच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं असतं.

मेधाने तिच्या परीने परीक्षा घेतली. सईची उंच बैठक मागच्या बाकावर बांधली, शेजारी अद्वैतला बसवलं, पलीकडे अण्णांना. तिघांचे गुडघे मोकळे होते. अण्णांना चढायला पायरी हवी होती, ती गाडीला होती. तिने फितीने ट्रकची लांबी मोजली. एकोणीस फुटांच्या वर भरली. म्हणजे घरच्या गॅरेजचं दार लागणार नव्हतं. ट्रक बाहेर ठेवावा लागेल, बर्फ पडलं की रोज झाडावं लागेल, हे तिने तिथेच सगळ्यांना सांगितलं. कुटुंबाच्या गाडीचे असले प्रश्न घ्यायच्या आधी विचारलेले बरे.

बाईंचा शब्द खरा वाटत होता, तरी श्रीरंगने तपासणी सोडली नाही, आणि बाईंनाही त्यात अपमान वाटला नाही. त्याने 17 अक्षरा-अंकांचा व्हीआयएन क्रमांक लिहून घेतला. वाहन-सुरक्षेचं काम पाहणाऱ्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून कंपनीने परत बोलावलेली एखादी दुरुस्ती राहिली आहे का ते पाहिलं. गाडी पुरात बुडालेली किंवा अपघातात मोडीत काढलेली नाही याची खातरजमा केली. मग गावातल्या एका स्वतंत्र मेकॅनिककडे ट्रक नेला. मेकॅनिकने तो लिफ्टवर चढवला आणि श्रीरंगला खाली बोलावलं.

खालून पाहिलेली गाडी वेगळीच असते. मेकॅनिकने छोट्या हातोडीने चौकटीवर टकटक केली. वर नुसता तांबूस गंज असेल तर आवाज खणखणीत येतो. पापुद्रे सुटले असतील तर भद्द आवाज येतो आणि खपल्या गळतात. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत वाढलेल्या ट्रकांची चौकट आतून खाल्लेली असते, वरून रंग कितीही तुकतुकीत असो. इथला आवाज खणखणीत होता. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक त्याने बोटाने दाखवले. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी बरीच शिल्लक होती, पण टायर जुने होते, बदलायला हवे होते. मागे सात पिनांची जोडणी होती, चालकाच्या गुडघ्यापाशी ट्रेलरचे ब्रेक दाबणारं नियंत्रण होतं. शेवटी त्याने दोषांची यादी दिली. त्यात टायर सोडून बाईंनी न सांगितलेली एकही गोष्ट नव्हती.

व्यवहार झाला. निळ्या ट्रकसाठी ठेवलेल्या पैशांत पांढरा ट्रक, नवे टायर, नवे ब्रेक, चांगला हिच, सगळं बसलं. अद्वैत हिरमुसला होता. काचेचं छत नव्हतं. अण्णांनी त्याला समजावण्याचा प्रयत्न केला नाही. त्याच्या हातात त्यांनी टायरमधली हवा मोजायचं यंत्र दिलं आणि म्हणाले, "निघायच्या आधी सगळ्या चाकांची हवा तू मोजायचीस. ट्रेलरचीपण."

पहिल्या सहलीच्या सकाळी श्रीरंगने ट्रेलर जोडून गाडी थेट डोंगराकडे न नेता शहराबाहेरच्या ट्रक थांब्यावर नेली. तिथे मालवाहू ट्रकांसाठी सार्वजनिक काटा असतो. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर, तिन्हींची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. अण्णा पावती हातात घेऊन बराच वेळ बघत उभे राहिले. देश दुसरा, भाषा दुसरी, पण कागद ओळखीचा होता.

पुढचा आस 3,180. मागचा 3,960. ट्रकची बेरीज 7,140. मर्यादा 7,000.

"फक्त 140 पौंड जास्त आहे," श्रीरंग म्हणाला. मुलं पट्टे बांधून बसली होती, ऊन चढत होतं. "दोन टक्के. एवढ्यानं काय होतंय?"

"काट्यावर 'फक्त' नसतं," अण्णा म्हणाले. "तुझ्या त्या विक्रेत्याचंही तेच म्हणणं होतं, सगळेच करतात. एवढं सगळं शोधून हा ट्रक घेतलास तो कशासाठी? आता काय उतरवायचं ते ठरवू."

श्रीरंगला ट्रेलरची पाण्याची टाकी आठवली. 40 गॅलनची, पुढच्या बाजूला, घरूनच काठोकाठ भरलेली. पाण्याचा एक गॅलन साडेआठ पौंडांच्या जरा आत, म्हणजे टाकीत सव्वातीनशे पौंडांहून जास्त भार होता आणि त्याचा चांगलाच हिस्सा हिचवर येत होता. मुक्कामी नळ होता. हौद्यात घरून भरलेली जळाऊ लाकडं होती, दीडशे पौंडांची. तीही तिथे विकत मिळत होती. शिवाय एका भागातली लाकडं दुसरीकडे नेऊ नका असं वनखातं सांगतं, कारण झाडं मारणारी कीड त्यांच्याबरोबर प्रवास करते. लाकडं जवळच राहणाऱ्या मित्राकडे उतरवली, टाकी रिकामी केली. पुन्हा काट्यावर 6,890 भरले.

"पाणी तिथं मिळतं, लाकूड तिथं मिळतं," अण्णा गाडीत चढता चढता म्हणाले. "माणसं घरूनच न्यावी लागतात. त्यांची जागा आधी राखायची, मग बाकीच्याची."

सत्तर क्रमांकाचा महामार्ग डेन्व्हरहून पश्चिमेला चढत आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत जातो. बोगद्याची उंची 11,000 फुटांच्या वर आहे. तिथे हवा इतकी विरळ की साध्या इंजिनाची जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद कमी होते. चढावर पांढरा ट्रक हळू झाला. श्रीरंगने उजवी लेन धरली, घाई केली नाही. खरी कसोटी बोगद्याच्या पलीकडे होती. तिथे रस्ता डिलनच्या खोऱ्याकडे सात टक्क्यांच्या उताराने मैलोगणती उतरतो. ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांसाठी कडेला खडीच्या चढत्या वाटा काढलेल्या आहेत. श्रीरंगने उतार सुरू होण्याआधीच ओढण्यासाठीची गिअरची पद्धत चालू केली, गिअर खाली आणला आणि गाडी इंजिनाच्या जोरावर रोखून धरली. ब्रेक त्याने मधूनच दाबले आणि सोडले. आरशात ट्रेलर सरळ रेषेत येत होता. मागच्या बाकावर सई आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.

डिलनच्या जलाशयाकाठी गाडी थांबली तेव्हा अद्वैतने न सांगता खाली उतरून प्रत्येक चाकाजवळ हात धरून पाहिला, कुठलं जास्त तापलंय का. मग वडिलांकडे येऊन म्हणाला, "बाबा, तो निळा ट्रकसुद्धा आपल्याला इथवर घेऊन आला असता ना?"

"आला असता कदाचित," श्रीरंग म्हणाला. "ओढून आणलं असतं. पण या उतारावर अचानक कुणी आडवं आलं असतं, तर तुम्हा सगळ्यांसकट थांबायची ताकद त्याच्यात उरली असती का, हे मला सांगता आलं नसतं. या ट्रकचं मला सांगता येतं, कारण आपण मोजून निघालो."

तात्पर्य : ओढण्याची ताकद आणि पेलण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते, दुसरी दाराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत. गाडी घेताना, घर घेताना, कर्ज काढताना, नवी जबाबदारी अंगावर घेताना आपण बहुधा पहिलीच विचारतो, कारण ती आपल्याला मोठं करून दाखवते. दुसरी विचारायला थोडं थांबावं लागतं, वाकून वाचावं लागतं आणि आपली माणसंसुद्धा हिशेबात धरावी लागतात. भार घ्यायच्या आधी माणसं मोजा, मग सामान, आणि साज सर्वांत शेवटी. बेरीज मर्यादेबाहेर गेली तर मर्यादेशी वाद घालू नका, सामान उतरवा.